गुरम्माक्का आणि शॉकचं मशीन

सोलापुरात नवी पेठेच्या मागं एक अरुंद बोळ होता. त्याच्या एका तोंडाला कापडवाल्यांच्या ट्रस्टचा धर्मादाय दवाखाना, दुसऱ्या तोंडाला पिठाची गिरणी आणि मधोमध गुरम्माक्काचं घर. त्या घराच्या माडीवर मी भाड्यानं राहायचो. महापालिकेच्या शाळेत मास्तर होतो, लग्न झालेलं नव्हतं. खाली अंगणात पहाटेच भाकरी थापल्याचा आवाज सुरू व्हायचा, त्यामुळं घड्याळाला गजर लावायची मला कधी गरज पडली नाही.

गुरम्माक्का मूळची दुधनीची. घरात कानडी, बाजारात मराठी, आणि राग आला की दोन्ही एकदम. ठेंगणी, रुंद बांध्याची, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. तिच्या हाताची कडक भाकरी कागदासारखी पातळ निघायची आणि महिना झाला तरी कुरकुरीत राहायची. तिची शेंगाचटणी नवी पेठेतल्या निम्म्या दुकानांत खपायची. हाताखाली पाचसहा बायका होत्या. त्यांतली केराबाई सगळ्यांत जुनी. अक्काशी दिवसभर भांडायची आणि अक्कावाचून एक दिवस राहू शकायची नाही.

अक्काचे यजमान सिद्धप्पा एका डाळीच्या दुकानात तोलार होते. दिवसभर काट्यापाशी बसून पोती तोलायची, संध्याकाळी अंगावर डाळीचा भुगा घेऊन घरी यायचं, जेवायचं आणि रेडिओपाशी बसायचं, एवढंच त्यांचं आयुष्य. बोलायचं काम त्यांनी लग्नातच बायकोकडं सोपवलं असावं. एकुलती मुलगी गुलबर्ग्याला दिलेली. माडीवर दोन वर्षं राहूनही सिद्धप्पांचा आवाज नेमका कसा आहे, हे मला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

मी सांगतोय ती गोष्ट शहात्तर सालच्या उन्हाळ्यातली.

त्याच्या आदल्या वर्षी दवाखान्यानं मुंबईहून एक मशीन आणलं होतं. हृदय अचानक बंद पडलं तर विजेचा झटका देऊन ते पुन्हा चालू करायचं मशीन. चाकांच्या गाड्यावर ठेवलेली जड पेटी, तिला दोन जाड वायरी आणि वायरींच्या टोकाला मुठी असलेल्या दोन तबकड्या. सगळे त्याला शॉकचं मशीन म्हणत. दसऱ्याला वॉर्डबॉयांनी त्याला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. डॉक्टर मैंदर्गीकरांनी मुंबईला असताना असलं मशीन वापरलेलं होतं, पण आमच्या दवाखान्यात त्याची वेळ अजून आली नव्हती. डॉक्टर ते मधूनमधून स्वतः चालू करून बघत आणि पुन्हा झाकून ठेवत. बोळातल्या लोकांची समजूत अशी की ते वेड्या माणसांसाठी आहे.

लग्नसराईचे दिवस होते. शाळा सकाळची असल्यानं मी दुपारी घरी होतो. खाली अंगणात मोठ्या ऑर्डरची चटणी कुटणं चाललं होतं. मध्येच केराबाईनं मला हाक मारली. खाली येऊन बघतो तर अक्का उखळापाशी भिंतीला टेकून बसलेली. अंग घामानं भिजलेलं, डावा हात ती उजव्या हातानं चोळत होती. तोंडाचा रंग गेला होता. तिचं म्हणणं असं की हे पित्त आहे, उन्हानं चढलंय, लिंबूसोडा घेतला की बसेल. सोडा घेऊन झाला होता. पित्त बसलं नव्हतं.

केराबाईनं तिच्या मांडीवरचं मुसळ काढून घेतलं. ऑर्डर गेल्याशिवाय उठणार नाही, असं अक्का म्हणाली. केराबाईनं सांगितलं की अक्का उठली नाही तर आपण सगळ्या बायका घेऊन घरी जाणार आणि ऑर्डर तशीच राहणार. ही धमकी लागू पडली. आम्ही दोघांनी तिला दोन्हीकडून धरलं आणि दवाखान्याकडं निघालो. वाटेत दोनदा थांबून तिनं मागं वळून सांगितलं की शेंगदाणे उन्हातून आत घ्या.

डॉक्टरांनी छातीला वायरी लावून हृदयाच्या ठोक्यांची कागदी पट्टी काढली, बराच वेळ बघितली आणि हार्ट अटॅक आहे, म्हणून सांगितलं. अक्कानं गोळी मागितली, घरी जाते म्हणाली. डॉक्टरांनी तिला खाटेवरून पायसुद्धा खाली ठेवायला मनाई केली.

महानंदा सिस्टर त्या वेळी ड्यूटीवर होती. उंच, हसऱ्या चेहऱ्याची मुलगी. मंगळवेढ्याची, मिरजेला नर्सिंग शिकून आलेली. सुई टोचताना रोग्याला बोलतं ठेवायची तिची सवय. तिनं अक्काला विचारलं की चटणी इतकी खमंग कशानं होते. अक्काला आणखी काय पाहिजे. दाणे मंद जाळावर कसे भाजायचे, सालं कधी काढायची, लसूण कच्ची का घालायची, सगळं तिनं सांगायला घेतलं. मी दाराशी उभा राहून ऐकत होतो. आणि बोलता बोलता ती थांबली. डोळे वर गेले, मान एका बाजूला कलली, हात खाटेवरून खाली लोंबला.

महानंदानं तिला हलवून दोनदा मोठ्यानं हाक मारली. मानेवर बोटं ठेवून बघितलं. मग तिनं ओरडून डॉक्टरांना बोलावलं, मशीन आणायला सांगितलं आणि खाटेशेजारच्या स्टुलावर चढून अक्काच्या छातीच्या मधोमध हातावर हात ठेवून सगळ्या अंगाच्या भारानं दाबायला सुरुवात केली. एका लयीत. दाब, सोड, दाब, सोड. मध्येच थांबून अक्काचं नाक चिमटीत धरून तोंडात फुंकर घालायची, की पुन्हा दाबायला लागायची. मी असलं काही पूर्वी पाहिलेलं नव्हतं. मेलेल्या बाईला ही का बडवतेय, असं मला वाटलं. एकदा बारीक कट् असा आवाजही आला. महानंदा थांबली नाही.

मशीन शस्त्रक्रियेच्या खोलीत होतं. गाड्याचं चाक वॉर्डाच्या उंबऱ्याला अडकलं, तेव्हा दोघा वॉर्डबॉयांनी ते उचलून आत आणलं. डॉक्टरांनी तबकड्यांना मलम फासलं, छातीवर दोन जागी दाबून धरल्या आणि सगळ्यांना मागं सरायला सांगितलं. खाटेला कुणाचाही हात लागता कामा नये, असं ते म्हणाले. त्यांचा आवाज शांत होता, कपाळ मात्र ओलं झालं होतं.

नेमके त्याच वेळी सिद्धप्पा दारात आले. केराबाईनं कुणाला तरी दुकानात पिटाळलं होतं. ते अनवाणी पळत आले होते, हात डाळीच्या भुग्यानं पिवळे. त्यांच्या डोळ्यांदेखत अक्काचं अंग खाटेवर उडालं आणि पुन्हा पडलं.

मशीनच्या काचेवर एक हिरवी रेघ वेडीवाकडी धावत होती. ती तशीच राहिली. महानंदानं पुन्हा दाबायला घेतलं. डॉक्टरांनी दुसऱ्यांदा सगळ्यांना मागं सारलं, पुन्हा झटका दिला. या वेळी रेघ सरळ झाली. क्षणभर काहीच नव्हतं. मग रेघेला एक उंचवटा आला, थोड्या वेळानं दुसरा, आणि नंतर ते एकामागून एक येतच राहिले. डॉक्टरांनी मानेवर बोटं ठेवली आणि नुसती मान डोलावली.

अक्कानं डोळे उघडले तेव्हा पहिला शब्द कानडीत बोलली, ‘नीरु’. पाणी मागत होती. ओठ ओले केल्यावर जरा वेळानं तिनं छातीला हात लावला, तोंड वेडंवाकडं केलं आणि क्षीण आवाजात विचारलं, “मला कोण बडवलं?”

“मी, अक्का,” महानंदा म्हणाली. ती एकाच वेळी रडत होती आणि हसत होती.

इकडं हे चाललेलं असताना गिरणीवाल्याचा माणूस खिडकीतून बघून गेला होता. त्यानं जेवढं बघितलं तेवढंच खरं धरलं आणि बोळात सांगत सुटला की गुरम्माक्का गेली. बोळातून बातमी नवी पेठेत गेली आणि तिथून कुणीतरी संध्याकाळच्या गाडीनं जाणाऱ्या माणसाबरोबर ती दुधनीला पोचवली. अक्काची थोरली नणंद बसव्वा दुधनीतच दिलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती सगळं गणगोत घेऊन सोलापूर स्टेशनवर उतरली. बरोबर फुलांच्या टोपल्या आणि टाळ घेतलेली भजनी मंडळी. होटगी जंक्शनपासून ती रडत होती, असं नंतर तिच्याच लोकांनी सांगितलं.

टांगे गिरणीपाशी थांबले. बसव्वानं बोळाच्या तोंडाशीच हंबरडा फोडला आणि रडत रडत घरापर्यंत आली. अंगणात बघते तर पाचसहा बायका भाकऱ्या थापत बसलेल्या. लग्नाची ऑर्डर अडू द्यायची नाही, असा निरोप अक्कानं दवाखान्यातून धाडला होता. बसव्वाचं रडं जागच्या जागी थांबलं आणि त्याचा संताप झाला. घरची लक्ष्मी गेली आणि तुम्ही भाकरी थापताय, तुम्हाला काही जनाची लाज, असं ती म्हणायला लागली. केराबाईनं हातावरची भाकरी तव्यावर टाकली आणि म्हणाली, “बसव्वाबाई, तुमची लक्ष्मी दवाखान्यात चहा मागालीया. डॉक्टर देईना म्हणून भांडालीया. जाऊन बघा की.”

बसव्वाला ते खरं वाटेना. दवाखान्यात जाऊन अक्काच्या पायाला हात लावून बघितला, पाय गरम लागला, तेव्हा ती खाटेपाशीच मटकन बसली. अक्काला सगळी हकिकत कळल्यावर हसू आवरेना. हसलं की बरगडी दुखायची, म्हणून महानंदानं तिला हसायची बंदी केली. तरी कोणकोण आलं, कोण किती रडलं आणि कोण नुसताच टोपली धरून उभा होता, याची चौकशी तिनं पडल्या पडल्या बारकाईनं केली. फुलं सिद्धेश्वराच्या देवळात पाठवून दिली. भजनी मंडळी एवढ्या लांबून आलीच आहेत तर रिकामी कशाला जाऊ द्यायची, असं तिचं म्हणणं पडलं. डॉक्टरांनी टाळ न वाजवण्याच्या बोलीवर परवानगी दिली आणि वॉर्डाबाहेरच्या कडुनिंबाखाली त्यांनी हळू आवाजात भजनासारखी दोन कानडी वचनं म्हटली. वॉर्डातले बाकीचे रोगीही खूश झाले.

बरेच दिवस तिला दवाखान्यात ठेवून घेतलं. घरी आली तेव्हा औषधं, जिने न चढण्याची ताकीद आणि बिनमिठाचं जेवण बरोबर आलं. बिनमिठाची शेंगाचटणी तिनं एकदा चाखली आणि वाटी बाजूला सारली. मरण त्या मानानं सोपं होतं म्हणाली.

मग लोक बघायला यायला लागले. मरून परत आलेली बाई म्हणून लांबलांबचे लोक येत. कुणी पाया पडायचं, कुणी मूल मांडीवर ठेवायचं. वर काय दिसलं, हा प्रश्न प्रत्येकाचा. कुणाला उजेड पाहिजे होता, कुणाला देव. दुसरी एखादी असती तर तिनं मठ बांधला असता. अक्का सरळ सांगायची की काही दिसलं नाही, झोपेत दिसतं तेवढंसुद्धा नाही. एका म्हाताऱ्यानं आपले वडील तिकडं भेटले का, म्हणून विचारलं. त्याला मात्र ती चटकन नाही म्हणाली नाही. त्याला बसवून ताक दिलं, वडील कसे होते ते विचारलं आणि तासभर ऐकून घेतलं.

लोकांच्या प्रश्नांनी तिच्याही मनात प्रश्न उभा राहिला. आपल्याला नेमकं काय झालं होतं? तपासणीला गेल्यावर तिनं डॉक्टरांना ते मशीन दाखवायला लावलं. मी बरोबर होतो. डॉक्टरांनी झाकण काढलं, तबकड्या तिच्या हातात दिल्या आणि समजावून सांगितलं. त्या दिवशी तिचं हृदय अगदी गप्प झालेलं नव्हतं. त्याचा कणन् कण आपापल्या मनानं थरथरत होता, म्हणून एकही ठोका धड पडत नव्हता आणि रक्त पुढं सरकत नव्हतं. झटक्यानं ती थरथर एकदम बंद होते आणि हृदयाला आपली चाल पुन्हा धरायला सवड मिळते.

अक्कानं तबकड्या उलटून बघितल्या. मग म्हणाली, “म्हंजे उखळागत की. चार बाया एका उखळात कुटालत्या आन एकीची लय चुकली की मुसळं मुसळावर बडवतात. दाणा कुटत न्हाय, नुसता खडखडाट. मग मी थांबा म्हणून वरडते. समद्या थांबल्या की पुन्ना एक-दोन करून सुरू.”

डॉक्टर खुर्चीत मागं रेलून हसले. यापेक्षा चांगलं आपल्याला सांगता आलं नसतं, असं म्हणाले. पुढं ते रोग्यांच्या नातेवाइकांना उखळाचीच गोष्ट सांगत.

परत निघताना ती दारात थांबली. मशीन येईपर्यंत काय केलं, असं विचारलं. तेव्हा डॉक्टरांनी महानंदाचं सांगितलं. मशीन येईस्तोवर तिच्या हातांनी रक्त फिरत ठेवलं नसतं तर झटका देऊन काही उपयोग झाला नसता. अक्कानं विचारलं की हे मी घरी उखळापाशी पडले असते तर कुणी केलं असतं. डॉक्टरांनी मशीनवर पुन्हा झाकण घातलं.

दुसऱ्या दिवशी तिनं महानंदाला जेवायला बोलावलं आणि पुरणाची पोळी वाढता वाढता सांगून टाकलं की हे छाती दाबायचं काम तिनं बोळातल्या सगळ्यांना शिकवायचं. महानंदानं डॉक्टरांची परवानगी लागेल म्हणून सांगितलं. परवानगी अक्कानं आधीच घेऊन ठेवली होती.

शिकवणी अंगणात भरली. ज्वारीचं अर्धं भरलेलं पोतं मधोमध आडवं टाकलं. केराबाईनं त्याला एक जुना फेटा बांधला, त्यामुळं ते एकदम ओळखीच्या माणसासारखं दिसायला लागलं. महानंदानं कोपर न वाकवता वरून सरळ भार कसा टाकायचा, मान मागं करून श्वासाची वाट कशी मोकळी करायची, हे करून दाखवलं. सगळ्यांत आधी माणसाला हाक मारून, हलवून बघायचं आणि श्वास आहे का ते पाहायचं, हे तिनं पुन्हा पुन्हा बजावलं. शुद्धीत असलेल्या माणसाला हात लावायचा नाही. तरी केराबाईनं दुसऱ्याच दिवशी गिरणीपाशी पिऊन पडलेल्या आपल्या दिराला गाठलं. हाक मारली, ती नेहमीच्या भीतीनं त्यानं ऐकून न ऐकल्यासारखी केली. ती गुडघे टेकून छातीवर हात ठेवते न ठेवते तोच तो उठून पळाला. त्यानंतर बरेच दिवस तो गिरणीच्या बाजूला फिरकला नाही, म्हणजे शिकवणीचा तोही एक फायदा झाला.

अडचणी निघाल्याच. परक्या पुरुषाच्या छातीवर बाईनं हात ठेवायचा का, तोंडाला तोंड लावायचं का, असं विचारलं गेलं. दुधनीहून आलेल्या बसव्वानं तर कानांवर हात ठेवले. अक्कानं तिला विचारलं की तुझा भाऊ पडला आणि शेजारीण लाजून उभी राहिली, तर चालेल का. बसव्वा उठून पोत्यापाशी गेली. तोंडावर पातळ फडका टाकला तरी चालतो, असं महानंदानं सांगितल्यावर निम्मी लाज गेली.

सिद्धप्पा रोज संध्याकाळी दुकानातून आल्यावर ओसरीवर बसून हे बघायचे. एके दिवशी बायका निघून गेल्यावर ते उठले, पोत्याशेजारी गुडघे टेकून बसले आणि दाबायला लागले. त्यानंतर रोज जेवणाआधी त्यांचा तेवढा वेळ पोत्याला ठरलेला. तोलाराचे हात ते. प्रत्येक दाब सारखा पडायचा.

सगळं जमलंच असं नाही. श्रावणात अक्काकडं भाकरी थापणाऱ्या सारजाबाईचा नवरा झोपेतच गेला. सकाळी हाकाटी झाली तेव्हा अंग गार पडलेलं होतं. तरी केराबाईनं दाबून बघितलं आणि मग बाहेर येऊन ढसाढसा रडली. अक्का पुढं आठवडाभर रोज सारजाबाईजवळ जाऊन बसायची. मशीनचा किंवा शिकवणीचा एक शब्द तिनं तिथं काढला नाही.

दिवाळीच्या तोंडावर नवी पेठ माणसांनी फुलली होती. कापडाच्या दुकानांपुढं पाय ठेवायला जागा नव्हती. सिद्धप्पांच्या दुकानात पोती उतरत होती. धुळा नावाचा हमाल होता, पन्नाशीचा, धिप्पाड. पाठीवरचं पोतं त्यानं थप्पीला लावलं, वळला आणि उभाच्या उभा खाली कोसळला. लोक भोवती जमले. फिट आली समजून कुणी कांदा आणायला धावलं, कुणी वहाण.

मी त्या वेळी पणत्या घ्यायला तिकडंच गेलो होतो. गर्दीतून एकदम मोठा, घोगरा आवाज आला. सगळ्यांना मागं व्हायला सांगत होता. कुणाचा आवाज ते मला कळेना. पुढं होऊन बघतो तर सिद्धप्पा धुळाशेजारी गुडघ्यांवर बसलेले. त्यांनी त्याला हाक मारून बघितली होती, श्वास बघितला होता. आता हात छातीवर होते आणि काट्यावर पारडं खाली जावं तसा भार पडत होता. मला बघून त्यांनी दवाखान्यात पळायला सांगितलं. डॉक्टरांना कळव आणि मशीन बाहेर काढायला लाव, असं म्हणाले. मी पळालो. वाटेत घरी ओरडून केराबाईला धाडलं.

पुढचं मी दवाखान्याच्या दारातून बघितलं. मालाची हातगाडी बोळातून येत होती. चौघे हमाल ती ओढत होते. गाडीवर धुळा आडवा, त्याच्या दोन्ही बाजूंना गुडघे रोवून सिद्धप्पा बसलेले आणि गाडी हलत असतानाही दाबत होते. उशाशी केराबाई, पदर कमरेला खोचून. सिद्धप्पा थांबले की फुंकर घालत होती. अक्काला पळायची बंदी होती, ती तिनं पाळली. पळाली नाही, पण बोळाच्या तोंडाला आडवी उभी राहून दोन्ही भाषांत अशी ओरडत होती की सायकली, रिक्षा आणि एक म्हैस भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या.

महानंदानं दारातच ताबा घेतला. मशीन तयार होतं. डॉक्टरांना तीन झटके द्यावे लागले. रेघ ताळ्यावर आली तेव्हा सिद्धप्पा बाहेरच्या पायरीवर बसले होते. दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवले होते. डॉक्टर स्वतः बाहेर आले, धुळा श्वास घेतोय म्हणून सांगितलं आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

अक्का त्यांच्याशेजारी पायरीवर बसली. पदरानं त्यांच्या तोंडावरचा घाम पुसला. एवढा आवाज तुमच्याकडं होता तर इतकी वर्षं कुठं ठेवला होता, असं तिनं विचारलं.

सिद्धप्पांनी आपले तळहात वर केले. मग म्हणाले, “त्या दिशी तुज्या खाटंपाशी माजे हात नुसते लोंबत हुते, गुरम्मा. ती पोरगी कराली, डॉक्टर कराले. मी नवरा आसून दारात हुबा. घरी येऊन हात धुतले, तवा वाटलं, ह्या हातांनी जलमभर दुसऱ्यांची डाळ तोलली. माज्या बायकूसाठी ह्यांना काय येत न्हाय.”

अक्कानं त्यांचे दोन्ही हात आपल्या मांडीवर घेतले आणि वॉर्डातून बोलावणं येईपर्यंत तशीच बसून राहिली. भर बाजाराच्या वेळी, सगळ्या बोळादेखत.

धुळा बरा झाला. जड ओझी उचलायला डॉक्टरांनी मनाई केली, तेव्हा मालकानं त्याला दुकानात राखणीला बसवलं. त्याची बायको अक्काकडं भाकरी भाजायला यायला लागली. शिकवणीची बातमी पसरली. कापडगिरणी कामगारांच्या चाळींतून बोलावणी आली, रेल्वेच्या लोकांनी होटगीला बोलावलं. महानंदा आणि सिद्धप्पा सुट्टीच्या दिवशी जायचे. ती तोंडानं शिकवायची, ते हातानं. सिद्धप्पा आता थोडंफार बोलायला लागले होते आणि त्याची अक्काला कधीकधी तक्रार असायची. रेडिओसुद्धा एवढा बोलत न्हाय, असं ती म्हणायची.

माझी बदली नव्या वस्तीतल्या शाळेत झाली, लग्न झालं आणि माडी सुटली. निरोप घ्यायला बायकोला घेऊन गेलो तेव्हा दुपारच्या भाकऱ्या शेकणं चालू होतं. अक्कानं दोघांना कडक भाकरी, चटणी आणि दही वाढलं. स्वतःच्या ताटात बिनमिठाची चटणी घेतली, केराबाईची पाठ वळल्यावर माझ्या ताटातली बोटभर उचलून तोंडात टाकली आणि माझ्या बायकोला म्हणाली की नव्या घरात उखळ ठेवायला जागा आहे का, ते आधी बघ.